तक्रार एकाची, निवाडा दुसऱ्याचा



'महाजन' हा शब्द गोमंतकातील देवस्थानांच्या परंपरेत वाढलेल्या कुटुंबांना लहानपणापासून परिचयाचा आहे. पालखीच्या वेळी मान कोणाचा, जत्रेचा खर्च कोणी उचलावयाचा, पावसाळ्यापूर्वी देवळाच्या कौलांवर माणूस कोणी चढवावयाचा, अशा अनेक प्रश्नांचा उलगडा या एका शब्दापाशी येऊन थांबतो. पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली देवस्थानांसाठी जी नियमावली झाली, तिने महाजनांच्या सभेला आणि त्या सभेने निवडलेल्या अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार यांच्या समितीला कायद्याचे रूप दिले. तथापि कोकणपट्टी मागे टाकून उत्तरेस तापीच्या काठी सुरतेस गेले की, हाच शब्द निराळा अर्थ घेऊन भेटतो. तेथे महाजन म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ. भाव, वजने, सुट्या, दंड आणि आपसांतील तंटे या सर्वांचा निर्णय करणारी ती संस्था होती. कामावरच्या माणसाशी न्यायाने कसे वागावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय असून, त्याचा धागा सुरतेच्या या महाजनापासून धरणे सोयीचे आहे. कारण नोकर आणि धनी यांच्यामधील निवाडा कोणी करावा, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर गुजरातेत याच शब्दाच्या आश्रयाने सापडले.

सुरतेच्या महाजनांची शक्ती केवढी होती, याची साक्ष १६६९ सालच्या घटनेत मिळते. शहरच्या काझीच्या धार्मिक जाचाला कंटाळून सुमारे ८,००० वाणी व्यापारी त्या वर्षीच्या सप्टेंबरात भीमजी पारेख यांच्या नेतृत्वाखाली घरेदारे सोडून भडोचला निघून गेले. सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदपत्रांत या प्रसंगाची नोंद आहे. व्यापार थंडावला, टांकसाळ व जकातघर ओस पडले, शहरात पैसा मिळेनासा झाला. आणि बादशहाकडून आश्वासन आल्यावर डिसेंबरअखेर ही मंडळी परतली. शिवछत्रपतींच्या स्वारीची आठवण ताजी असलेल्या त्या शहराने सहा वर्षांच्या आत पाहिलेला हा दुसरा हादरा होय. या वेळी मात्र शस्त्र उपसले गेले नव्हते, केवळ दुकाने बंद झाली होती.

बाहेरच्या सत्तेपुढे असा एकोपा दाखविणारा महाजन आतल्या माणसांशी कसा वागे, हे पाहणे अधिक बोधप्रद आहे. गुजरातेतील व्यापारी महाजन आणि कारागिरांची पंचे कामाच्या वेळा ठरवीत, सुटीच्या दिवशी दुकान उघडणाऱ्यास दंड करीत आणि दंडाची रक्कम बहुधा धर्मकार्यास लावीत. अहमदाबादेतील एक प्रसंग जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. १८७३ साली तेथील काही गवंडी पहाटे लवकर जादा काम करून अधिक मजुरी मिळवू लागले. परिणामी कित्येक घरांतील माणसांना कामच मिळेना. तेव्हा पंच बसले आणि, सर्वांना पुरेल इतके काम नसल्यामुळे कोणीही जादा वेळ काम करू नये, असा निर्णय झाला. जास्त कष्ट करणारा माणूस येथे दोषी ठरला, हे आजच्या कानांना चमत्कारिक वाटेल. परंतु काम चांगले की वाईट हे एकट्या माणसाकडे पाहून ठरत नाही, त्याच्या भोवतीच्या माणसांकडेही पाहावे लागते, एवढी समज त्या पंचांना होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची एक उणीव झाकून चालणार नाही. तक्रार करणारा महाजन, चौकशी करणारा महाजन आणि दंड वसूल करणारा महाजन एकच होता. ज्याच्यावर ठपका आला त्याला दाद मागण्यास दुसरे दार नव्हते, आणि निर्णय न मानल्यास वाळीत पडण्याची भीती होती. ज्याच्या पाठीशी पेढी नव्हती, अशा हातावर पोट असलेल्या मजुराला तर व्यापाऱ्यांच्या महाजनात बसायला जागाच नव्हती.

ती जागा निर्माण झाली ती सुरतेपासून उत्तरेस, अहमदाबादच्या गिरण्यांत, १९१८ साली. प्लेगच्या साथीत मजुरांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून गिरणीमालकांनी प्लेग-बोनस सुरू केला होता. साथ ओसरल्यावर तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरलेली नव्हती. विणकरांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. प्रथम दोन्ही बाजूंच्या माणसांचे पंच नेमले गेले. मजुरांच्या बाजूने गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि शंकरलाल बँकर होते. परंतु काही मजुरांनी मध्येच काम थांबविले, मालकांनी ते निमित्त करून पंच मोडले आणि २२ फेब्रुवारीस टाळेबंदी जाहीर केली. गांधीजींनी गिरण्यांची स्थिती, मुंबईतील पगार आणि बाजारभाव यांचा हिशोब करून ३५ टक्के ही रक्कम काढली आणि मजुरांना ५० चा आग्रह सोडावयास लावले. ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. न्याय मागणाऱ्याने आधी स्वतःची मागणी तपासून पाहावी, हा त्यातला भाग मालकांइतकाच मजुरांनाही जड गेला असला पाहिजे.

या लढ्यात एका बाजूला गिरणीमालक अंबालाल साराभाई, तर दुसऱ्या बाजूला मजुरांसाठी झटणाऱ्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन होत्या. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरे आणि रोज एक पत्रक निघे. मजुरांचा धीर खचू लागला तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले. १८ मार्चला तडजोड झाली. तडजोडीची रीत गमतीची, पण शहाणपणाची होती. पहिल्या दिवशी ३५ टक्के दिले, म्हणजे मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के दिले, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. आणि तिसऱ्या दिवसापासून निवाडा होईपर्यंत मधली रक्कम, साडेसत्तावीस टक्के, ठरली. आचार्य आनंदशंकर ध्रुव हे पंच नेमले गेले व त्यांनी पुढे ऑगस्टात ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. उपोषणामुळे मालकांवर दडपण आले आणि म्हणून त्या यशात दोष राहिला, असे खुद्द गांधीजींनीच पुढे आत्मकथेत मान्य केले आहे. दडपणाखाली दिलेला होकार हा खरा होकार नव्हे, हे सूत्र धन्याच्या खोलीत नोकराकडून लिहून घेतलेल्या माफीपत्रालाही तितकेच लागू पडते.

१९२० साली या मजुरांचा जो संघ उभा राहिला त्याचे नाव 'मजूर महाजन' असे ठेवण्यात आले. व्यापाऱ्यांचा शब्द मजुरांनी उचलला, आणि उचलताना त्यातली जुनी उणीव दूर केली. त्याच वर्षी कायमचे पंच बसले. मजुरांच्या बाजूने गांधीजी आणि मालकांच्या बाजूने शेठ मंगळदास गिरधरदास असे दोन पंच होते, आणि त्या दोघांचे मत न जुळल्यास तिसऱ्या त्रयस्थाकडे जावयाचे, अशी ती रीत होती. ज्याची तक्रार त्याने निवाडा करावयाचा नाही, एवढाच तिचा गाभा. गुलझारीलाल नंदा हे या मजूर महाजनाचे अनेक वर्षे चिटणीस होते. पुढे मुंबई प्रांताचे मंत्री झाल्यावर त्यांच्याच पुढाकाराने १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच राज्यात होते, म्हणून अहमदाबादेत पंचांपुढे घडलेली ही रीत धुळे, अमळनेर, जळगाव येथील गिरणी कामगारांनाही कायद्याच्या मार्गाने लाभली.

त्याच सुमारास, १९४६ मध्येच, केंद्राचा स्थायी आदेशांचा कायदा आला. कामावरचे नियम आधी लिहून काढावेत, ते कामगारांना कळतील असे दाराशी लावावेत, आणि कोणता अपराध घडल्यास कोणती शिक्षा हे आधी ठरलेले असावे, अशी त्याची योजना होती. त्याच्या नमुना नियमांत गैरवर्तनाची जी यादी आहे, ती वाचताना एका शब्दावर थांबणे अवश्य आहे. उशिरा येणे हे गैरवर्तन नाही, 'सवयीने' उशिरा येणे हे गैरवर्तन आहे. कामात चूक होणे हे गैरवर्तन नाही, 'सवयीची' हयगय हे आहे. चोरी, लाच, मुद्दाम केलेली नासधूस, हुकमाची जाणूनबुजून अवज्ञा यांना मात्र तो शब्द लावलेला नाही; त्या एकदा घडल्या तरी पुरे. शिक्षा ठरविताना अपराधाचे गांभीर्य आणि त्या माणसाची आजवरची चाकरी ही दोन्ही पाहावीत, असेही त्यात सांगितले आहे. एका वाक्यातला हा नियम पाळला गेला असता, तर कित्येक कारखान्यांतील कज्जे दारातच मिटले असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण व्यवहारात तो हमखास विसरला जातो. काम न येणे ही एक गोष्ट, आणि काम येत असून न करणे ही दुसरी. पहिल्यास शिकवावे लागते, मुदत द्यावी लागते, कोठे उणे पडते ते लेखी सांगावे लागते, आणि तरीही न जमल्यास दुसरे काम द्यावे लागते किंवा रीतसर सोडचिठ्ठी द्यावी लागते. दुसऱ्यावर आरोप ठेवावा लागतो, पुरावा पुढे आणावा लागतो. धनी रागावलेला असला म्हणजे पहिल्या माणसाला दुसऱ्याची शिक्षा देतो. आणि धन्याचा लोभ असला म्हणजे दुसऱ्या माणसाला पहिल्याची सवलत मिळते.

आता आजच्या सुरतेकडे वळू जाता, हा भेद किती अवघड असतो ते कळते. यंत्रमागाच्या एखाद्या खात्यात एकेक विणकर अनेक मागांवर नजर ठेवून असतो. मजुरी मीटरवर मिळते आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. तागा तपासणारा माणूस कापडातली जाळी, तुटका धागा किंवा तेलाचा डाग दाखवितो आणि मजुरी कापली जाते. पण ताणा कच्चा असेल, बीम नीट गुंडाळलेला नसेल, मागाचा एखादा भाग झिजलेला असेल, वीज दोनदा गेली असेल, तर त्या जाळीचा धनी कोण? शेजारच्या चार मागांवर त्याच सुताने त्याच दिवशी काय निघाले, हे पाहिल्याशिवाय एका विणकराचे माप घेता येत नाही. माणसाच्या हातचे किती आणि मालाच्या व यंत्राच्या हातचे किती, एवढा हिशोब आधी झाला पाहिजे. तो हिशोब न करता कापलेली मजुरी म्हणजे यंत्राच्या झिजेचा खर्च विणकराच्या खिशातून वसूल करणे होय.

हिऱ्यांच्या कारखान्यात हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेच्या हातून जातात, असे म्हटले जाते. 'घंटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या चकतीभोवती कारागीर बसतात, आणि मजुरी बहुधा नगावर ठरते. कच्च्या खड्याच्या पोटात कधी कधी असा ताण दडलेला असतो की, कसबी हाताखालीही तो तडकतो. खडा तडकला म्हणजे नुकसान क्षणात दिसते, आणि समोर बसलेला माणूसही दिसतो. खड्याच्या पोटातला ताण मात्र दिसत नाही. डोळ्यांना जो दिसतो त्याच्यावर खापर फोडण्याचा मोह येथे स्वाभाविक आहे. कायदा या मोहाला आवर घालतो. १९३६ च्या वेतन कायद्यापासून असा दंडक आहे की, ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान त्या माणसाच्या हयगयीमुळेच झाले असेल तरच ते त्याच्या पगारातून कापावे, प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक कापू नये, आणि कापण्यापूर्वी त्याला त्याचे म्हणणे मांडू द्यावे. नुसता दंड करावयाचा झाल्यास त्याची मर्यादा मूळ कायद्यात रुपयाला अर्धा आणा होती. ती पुढे ३ टक्के झाली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती तेवढीच आहे. दंडाची रक्कम धन्याच्या तिजोरीत जात नाही, ती कामगारांच्याच हिताच्या कामी लावावी लागते. जुन्या महाजनांची दंड धर्मकार्याला लावण्याची रीत येथे जरा वेगळ्या वेषात भेटते. दंडातून धन्याचा लाभ होऊ लागला की दंडाचे प्रसंग वाढतात, हे दोन्ही काळच्या माणसांनी ओळखलेले होते.

परंतु कायदा आहे आणि तो पोहोचतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत राहून मजुरांचा अभ्यास केला. सुरतेच्या मागांवरील कामगारांविषयी त्यांनी जे लिहिले आहे, त्याचे सार असे की, नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, आणि मालकाच्या व मजुराच्या मध्ये मुकादम उभा. ज्याच्या नोकरीचा कागदच नाही त्याच्यावर आरोपपत्र तरी कोणत्या पत्त्यावर धाडावे? त्याला 'उद्यापासून येऊ नकोस' एवढे सांगितले की काम भागते. स्थायी आदेशांचे बंधन मूळ केंद्रीय कायद्यात १०० कामगारांच्या कारखान्यापासून होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ते ३०० वर गेले. सुरतेतील लहान लहान गाळ्यांना ते बंधन पूर्वीही फारसे लागू नव्हते, आता तर नाहीच. म्हणून तेथे न्याय व्हावयाचा असेल तर तो पुष्कळसा धन्याच्या सद्बुद्धीवरच अवलंबून राहतो, आणि सद्बुद्धीला रीतीचा आधार नसला की ती फार दिवस टिकत नाही.

चौकशीची रीत कशी नसावी, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ सालच्या एका निर्णयात आहे. प्रकरण बंगालमधील मीनग्लास या चहाच्या मळ्याचे. मजुरांच्या जमावाने मळ्याच्या व्यवस्थापकांवर हल्ला केल्याचा आरोप होता. आरोप गंभीर होता, यात शंका नाही. परंतु चौकशीला बसले ते ज्यांना मार बसला तेच व्यवस्थापक. साक्षीदार मजुरांसमोर तपासले गेले नाहीत. एकेका मजुराला बोलावून त्यालाच प्रश्न विचारण्यात आले, आणि चौकशी पुरी झाली. न्यायालयाने ही चौकशी टाकाऊ ठरविली. ज्याला उत्तर द्यावयाचे आहे त्याला नुसता आरोप कळून भागत नाही, कोण काय साक्ष देत आहे तेही त्याच्यासमोर आले पाहिजे, असे तत्त्व त्यात सांगितले गेले. मार खाल्लेल्या माणसाने खोटे सांगितले असेल, असे न्यायालयाचे म्हणणे नव्हते. कदाचित त्याचे शब्दन् शब्द खरे असतील. पण खरे सांगणारा माणूससुद्धा स्वतःच्या फिर्यादीवर स्वतः निकाल देऊ लागला, की त्याचे खरेपण तपासून पाहायला कोणी उरत नाही.

शिक्षेच्या मापाविषयी न्यायालयांची मते सर्वकाळ एकसारखी राहिलेली नाहीत, हे मान्य केले पाहिजे. १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने कामगार न्यायालयाला शिक्षा कमी करण्याचा अधिकार दिला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने, वरिष्ठांशी एकदा उद्धट भाषा वापरल्याबद्दल बडतर्फी हे प्रमाणाबाहेर आहे असे म्हणून शिक्षा वेतनवाढ रोखण्यापुरती केली. २००५ साली महिंद्र आणि महिंद्र कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वरिष्ठास घाणेरड्या शिव्या देणाऱ्याची बडतर्फी कायम केली. वरवर पाहता हे दोन निर्णय परस्परविरुद्ध वाटतात. वास्तविक बोललेला शब्द, तो कोणत्या प्रसंगी निघाला, आणि बोलणाऱ्याचा आधीचा इतिहास यांवर सारे अवलंबून असते. तयार तक्ता हाती घेऊन शिक्षा वाटणाऱ्याला यातले कोणतेच उपयोगी पडणार नाही.

निलंबनाविषयी मात्र नियम स्वच्छ आहे. चौकशी चालू असताना माणसाला घरी बसविले तर त्याचे घर चालले पाहिजे. म्हणून पहिल्या ९० दिवसांसाठी निम्मे वेतन आणि चौकशी कामगाराच्या दोषाशिवाय लांबल्यास पुढे ७५ टक्के, असा निर्वाहभत्ता १९८२ च्या दुरुस्तीने आला व तो नव्या संहितेतही आहे. चौकशी सामान्यतः ९० दिवसांत संपवावी, असेही नवी संहिता सांगते. उपाशी माणूस स्वतःचा बचाव करू शकत नाही, इतकी साधी गोष्ट कायद्यात यावयास स्वातंत्र्यानंतर पस्तीस वर्षे लागली.

सुरतेच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. १९०० च्या सुमारास तापीखोऱ्याची रेल्वे सुरतेपासून अमळनेरपर्यंत आली आणि खानदेशाला सुरत जवळ झाली. आज उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची मराठी व अहिराणी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या शेजारी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगार असतात. नोटीस लागते ती गुजरातीत, आणि आरोपपत्र निघाले तर तेही गुजरातीत किंवा इंग्रजीत. वाचता न येणारा माणूस खाली अंगठा देतो, आणि पुढे तोच अंगठा त्याच्या कबुलीचा पुरावा ठरतो. स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावेत, असे १९४६ च्या कायद्यातच म्हटले होते. पण चार भाषांच्या खात्यात बहुसंख्य कोण हे ठरविता ठरविता उरलेले तिघे अंधारात राहतात. आरोप त्या माणसाच्या भाषेत वाचून दाखवावा आणि त्याच्या पसंतीचा एक सहकारी त्याच्या शेजारी बसवावा, यास खर्च काहीच येत नाही.

आता हे सारे देवस्थानाच्या अंगणात आणून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. देवस्थानात पुजारी आहेत, वाजंत्री आहेत, कारकून, स्वयंपाकी, झाडलोट करणारे, रात्रीचे राखणदार आहेत. कामगार कायदे त्यांना लागू आहेत की नाहीत, हा वकिलांचा विषय बाजूस ठेवू. न्याय लागू आहे, यात मतभेद नसावा. येथील अडचण कारखान्याहून निराळी आहे. कारखान्यात धनी एक असतो, देवस्थानात प्रत्येक महाजन स्वतःला धनी समजतो. जत्रेला वर्षातून एकदा आलेला महाजन अग्रशाळेतील खोली झाडलेली नाही म्हणून चिटणिसाकडे तक्रार करतो. चिटणीस सेवेकऱ्याला बोल लावतो. त्या सकाळी त्याच सेवेकऱ्याला समितीच्या दुसऱ्या कोणी स्वयंपाकघरात पाणी भरण्यास धाडले होते, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही, आणि सेवेकरीही बोलत नाही. कारण बोलल्यास दोन धन्यांपैकी एकाचा रोष पत्करावा लागतो. त्या चुकीच्या नावाखाली पुढे त्याच्या तीस वर्षांच्या चाकरीवर शेरा बसतो. कित्येक देवस्थानांत तर सेवा वंशपरंपरेची असते. तेथे आजोबांच्या वेळच्या भांडणाचा राग नातवाच्या हजेरीवर निघाल्याचे ऐकिवात येते. देवापुढे कौल मागण्याचा विषय निराळा, हजेरीपुस्तकाचा विषय निराळा. दुसऱ्याचे उत्तर पुस्तकातच शोधले पाहिजे.

देवस्थानाला यावर उपाय सुचविण्यास नवी विद्या लागत नाही. २०१३ साली कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध जो कायदा झाला, त्यात दहा किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या प्रत्येक संस्थेने समिती नेमावी, तीत निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, आणि एक सदस्य संस्थेच्या बाहेरचा असावा, असे बंधन घातले आहे. २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत दोन्ही बाजूंची समसमान माणसे असलेली तक्रार-निवारण समिती असावी, हे औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आले व नव्या संहितेतही आहे. हा बाहेरचा माणूस आणि ही समसमान बैठक म्हणजे १९२० च्या अहमदाबादेतील पंचच होत. मुखत्याराची सेवेकऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर त्या दिवशी मुखत्याराने समितीत फिर्यादीच्या जागी बसावे, निवाड्याच्या जागी नव्हे. शेजारच्या देवस्थानातील एखादा जाणता महाजन तेवढ्यापुरता बोलावून घ्यावा. असे बोलावणे आल्यास नाही म्हणणारा महाजन विरळाच सापडेल. एरवी पालखीच्या मानावरून एकमेकांशी न बोलणारी घराणीही अशा कामी एकत्र बसतील.

यात अवघड आहे ते नोंदीचे काम. समितीची मुदत तीन वर्षांची, सेवेकऱ्याची चाकरी तीस वर्षांची. प्रत्येक नव्या समितीला जुन्या सेवेकऱ्याविषयी जे कळते ते ऐकीव असते. कोणी कानात सांगितले की तो आळशी, म्हणजे तो आळशी. त्याने कोणत्या साली कोणते जादा काम केले, आजारपणात किती दिवस गेला, कोणत्या तक्रारीत त्याचा दोष निघाला व कोणत्या तक्रारीत निघाला नाही, हे कोठेही लिहिलेले नसते. नवी समिती कारभार हाती घेते तेव्हा देवाच्या अलंकारांची यादी समोर ठेवून एकेक नग मोजला जातो, वजन केले जाते, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. त्याच बैठकीत सेवेकऱ्यांचे नोंदपुस्तकही असेच सह्या करून ताब्यात देता-घेता येईल, आणि त्यातले आपल्या नावाचे पान सेवेकऱ्याला वाचून दाखवून त्याचीही सही त्यावर घेता येईल.